अंगावर मुरलेला कपडा: जुना पोशाख शोधायचा, तपासायचा आणि मिरवायचा कसा

संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा रंकाळ्यावर थोडा वेळ उभं राहून पोरापोरींच्या जीन्स बघा. बहुतेकांच्या मांडीवर एकाच मापाचा पांढरट पट्टा असतो आणि गुडघा एकाच जागी फाटलेला असतो. कारखान्यातूनच ती तशी आलेली असते. मधूनच एखादा असा दिसतो, की त्याची जीन्स त्याच्याच अंगावर विटलेली आहे. मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन उमटलाय, गुडघ्यामागं बारीक जाळी पडलीय, टाचेकडची किनार चपलेला घासून पांढरी झालीय. नजर आपोआप त्याच्यावर थांबते. वापरातून आलेलं हे रूप विकत आणलेल्या फाटक्या कपड्याला येत नाही. ते कसं ओळखायचं, कुठं शोधायचं आणि रोजच्या वापरात कसं टिकवायचं, ते इथं क्रमानं सांगतो.

आधी कापड समजून घ्या

जुनेपणाचं देखणेपण सगळ्या कापडांना येत नाही. सूत, खादी, लोकर, चामडं आणि इंडिगोच्या निळीत रंगवलेलं डेनिम (जीन्सचं कापड) वापरानं खुलतात. टेरिकॉट खुलत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आणि टेरिकॉट घरोघरी आलं ते चुरगळत नाही, विटत नाही, लवकर वाळतं म्हणून. नेमकं त्यामुळंच वीस वर्षांनी ते कपाटातून काढलं तरी फक्त गोळे धरलेलं आणि थोडं चकाकलेलं दिसतं. आजोबांचा टेरिकॉटचा सफारी आठवण म्हणून जपा, पण त्याच्याकडून मुरलेल्या कपड्याच्या मजेची अपेक्षा धरू नका.

डेनिम का विटतं, हे इचलकरंजीत मागावर काम केलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. त्यात ताणा म्हणजे उभे धागे निळे आणि बाणा म्हणजे आडवे धागे पांढरे. ताण्याचं सूत इंडिगोच्या द्रावणात बुडवायचं, बाहेर काढून हवा लागू द्यायची, पुन्हा बुडवायचं. हवेतच त्याला निळा रंग चढतो. पण रंग सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरातच राहतो. त्यामुळं जिथं घासलं जातं तिथला निळा थर उडतो आणि आतला पांढरा गाभा वर येतो. म्हणून बसणाऱ्याची, चालणाऱ्याची, सायकल मारणाऱ्याची जीन्स वेगवेगळ्या ठिकाणी विटते.

हा कपडा जन्माला आला तोच राबण्यासाठी. २० मे १८७३ रोजी जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा व्यापारी यांना अमेरिकेत पेटंट मिळालं, ते खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेट म्हणजे चपट्या खिळ्या ठोकण्याचं. मजुरांचे खिसे तिथंच फाटायचे. त्यांच्या लेव्हाइज जीन्सच्या मागच्या खिशाची लाल पट्टी १९३६ सालची. त्या पट्टीवरचं नाव १९७१ पर्यंत सगळं मोठ्या लिपीत असायचं, मग त्यातला इंग्रजी ई लहान झाला. जुना माल ओळखणारे आजही आधी तो ई बघतात. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका लिलावात, जुन्या खाणीत सापडलेली १८८० च्या दशकातली एक लेव्हाइज ७६,००० डॉलरला गेली. आपल्याला त्या वाटेला जायचं नाही, पण झिजलेल्या कापडाला जगभर केवढं मोल आहे ते यातून कळतं.

कापड कशाचं आहे याची शंका असेल तर शिवणीच्या आतल्या दाबातून एक-दोन धागे काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. मणी आणि राख दोन्ही दिसलं, तर ते मिश्र कापड समजा.

शोध घरापासून

आधी घरचा माळा, लोखंडी ट्रंक आणि कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा धुंडाळा. कोल्हापूर कापडाच्या पट्ट्यातलं गाव आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणी उभी केली. इथल्या जुन्या घरांत चांगलं सुती कापड निघतं. जाड पोताचा सदरा, कोपरी, चौकड्याचा हाफ शर्ट, काकांच्या कॉलेजच्या दिवसांतलं डेनिमचं जॅकेट, आत्याचा हातानं विणलेला स्वेटर. शिवाय घरच्या कपड्याचा इतिहास सांगणारं माणूस समोर बसलेलं असतं. कपडा बाहेर काढा आणि विचारा, “आबा, हा तुम्ही कुठं घालत होता?” बाजारातल्या कुठल्याही कपड्याबरोबर हे मिळत नाही.

एक नाजूक बाब आहे. बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाचे कपडे वापरत नाहीत, ते देऊन टाकतात. कुणाला त्यात अशुभ वाटतं, कुणाला नुसतं बघवत नाही. तुमचा विश्वास असो वा नसो, आजीला न विचारता आजोबांचा कोट अंगावर चढवून तिच्यासमोर उभं राहू नका. आधी विचारा. ती नको म्हणाली तर तिथंच थांबा. हो म्हणाली, तर त्या कपड्याची किंमत तुमच्यासाठी कायमची बदलेल.

घरानंतर शेजार आणि मित्र. पेठेत राहत असाल तर फुटबॉलची जुनी जर्सी बघा. तालीम मंडळांच्या संघांनी शाहू स्टेडियमवर खेळलेल्या, घामानं आणि चिखलानं मऊ झालेल्या जर्स्या कुणाच्या ना कुणाच्या कपाटात पडून असतात. बहुतेक पॉलिस्टरच्या असतात, तरी त्यांना मी अपवाद मानतो, कारण इथं मोल कापडाला नसून पाठीवरच्या आकड्याला आणि संघाच्या रंगाला आहे. फक्त दुसऱ्या पेठेच्या संघाची जर्सी घालून सामन्याला जाऊ नका. आणि ज्यानं ती घालून मैदान गाजवलं त्यानं स्वतः दिली तरच घ्या.

बाहेर विकत घ्यायचं तर दोन-तीन वाटा आहेत. दारावर येणाऱ्या बोहारणीकडं गठ्ठ्यात पुष्कळ चांगलं सुती कापड असतं. ती भांड्यांच्या बदल्यात कपडे घेते आणि ते पुढं विकते. तिच्याशी नीट बोला, काय हवंय ते सांगून ठेवा आणि भाव पाडायला बघू नका. “मावशी, निळ्या जीनचं जाड जॅकेट आलं तर बाजूला ठेवा” एवढं सांगितलं तरी काम होतं. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार एकदा पालथा घाला. आणि इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारे भरपूर आहेत. परदेशी जुने कपडे भारतात आणायला परवाना लागतो, तेव्हा ‘अस्सल अमेरिकन’ म्हणून सांगितलं तर माल कसा आला हे विचारायला संकोच करू नका. फोटो मागताना काखेचा, कॉलरच्या आतल्या बाजूचा, मांडीच्या जोडाचा आणि लेबलचा मागा. हे चार फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

तपासणी: झिजलंय की कुजलंय?

या अख्ख्या कामाचं मर्म या पायरीत आहे. झिजलेला कपडा घ्यावा, कुजलेला सोडून द्यावा. दोन्ही लांबून सारखेच दिसतात. झिजलेल्या कपड्याचा धागा वरून घासला गेलेला असतो, पण आतून जिवंत असतो. कुजलेल्या कपड्याच्या धाग्यातला दमच गेलेला असतो, मग तो वरून कितीही चांगला दिसो.

कपडा खिडकीसमोर उजेडात धरा आणि हात आत घालून पसरा. जिथं विरलाय तिथून बोटं दिसतील. कोपर, गुडघा, बूड इथं थोडं विरणं साहजिक आहे, ते दुरुस्त होतं. पण पाठीवर, छातीवर, जिथं घासण्याचं काही कारण नाही तिथं विरलेलं दिसलं, तर कापड ऊन, ओल किंवा ब्लीचनं खाल्लंय असं समजा.

मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड आडवं धरून हलकेच ताणा. जीव असलेलं कापड थोडं ताणून परत जागेवर येतं. मेलेलं कापड कागदासारखा बारीक आवाज करतं आणि धागा सुटतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ताणताना बेतानं ताणा, कपडा अजून दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

काखेत बघा. घामानं काखेचं कापड कडक आणि पिवळं पडतं. नुसतं पिवळं असेल तर धुऊन बरंचसं जातं. कडक होऊन मोडत असेल तर तिथं ठिगळाशिवाय गत्यंतर नाही. जीन्सच्या मांडीचा जोड, जिथं चार शिवणी एकत्र येतात, तिथं आतून हात फिरवा. कॉलरची घडी नखानं चाचपा. शेवटी वास घ्या. घामाचा, ट्रंकेचा, डांबरगोळीचा वास जातो. बुरशीचा जुना वास फार चिवट असतो, आणि कापडावर काळे बारीक ठिपके पडले असतील तर ते निघतील अशी आशा धरू नका.

आता खरं विटणं आणि कारखान्यातलं विटणं यातला फरक. कारखान्यात मांडीवरच्या रेषा घासकामानं किंवा रसायनानं पाडतात. त्या दोन्ही पायांवर आरशात बघितल्यासारख्या जुळतात आणि त्यांच्या कडा धूसर असतात. अंगावर विटलेल्या जीन्सच्या रेषा वाकड्यातिकड्या असतात. उजव्या पायाच्या वेगळ्या, डाव्याच्या वेगळ्या, आणि त्या नेमक्या चुण्यांच्या उंचवट्यावर असतात. चुणीच्या खोबणीत निळा रंग अजून गडद असतो. ती चुणी बोटांनी पुन्हा दुमडून बघा, रेष बरोबर माथ्यावर आली पाहिजे. एकेकाळी हे विटलेपण आणायला कापडावर उच्च दाबानं वाळू मारत. ती सिलिकाची धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाऊन त्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग झाला, आणि २००९ मध्ये तुर्कस्ताननं या पद्धतीवर बंदी घातली. कारखान्याच्या बनावट जुनेपणाऐवजी खरा जुना कपडा घेण्याचं माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण आहे.

टी-शर्टसाठी एक खूण: १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन टी-शर्टच्या बाहीला आणि खालच्या किनारीला बहुधा एकेरी टीप असे, पुढं दुहेरी झाली. पण एवढ्या एका खुणेवर भाव ठरवू नका. आपल्याकडं शिवलेल्या साध्या टी-शर्टलाही एकेरी टीप सापडते.

माप टेपनं घ्या, लेबलवरून नको

जुना सुती कपडा आटलेला असतो, आणि पूर्वीची मापंही आजच्या लेबलांशी जुळत नाहीत. तुम्हाला नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट गादीवर सपाट पसरा. शर्टची छाती काखेपासून काखेपर्यंत, खांदा, बाही आणि उंची, तर पँटची कंबर, मांडी, आतली शिवण आणि बॉटम, एवढी मापं मोबाईलमध्ये लिहून ठेवा. प्रत्येक खरेदीला तीच ताडून बघा. खांदा जुळला पाहिजे. बाकी सगळं टेलर सांभाळून घेतो, खांदा उसवून बसवायला गेलं तर खर्च कपड्यापेक्षा जास्त होतो. बसायला थोडं सैल घेतलेलं चालतं, उलट बरंच दिसतं. तंग घेतलेला जुना कपडा पहिल्याच आठवड्यात शिवणीपाशी टराटरा जातो.

धुणं

घरी आणल्यावर कपडा आधी बाहेर झटका, खिसे उलटे करून ब्रश मारा आणि एक दिवस उन्हात उलटा वाळत घाला. मग बादलीत गार पाण्यात सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवा. पाणी चहाच्या रंगाचं झालं तर ते ओतून पुन्हा तसंच करा. आपटू नका आणि पिळू नका. ओलं जुनं सूत दाबून पाणी काढावं आणि टॉवेलमध्ये गुंडाळावं.

डेनिम नेहमी उलटं करून, गार पाण्यात, वेगळं धुवा. पहिल्या धुण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, असं बरेच जण सांगतात. इंडिगोवर त्याचा काही उपयोग होत नाही. रंग टिकवायचा असेल तर कमी वेळा धुवा आणि सावलीत वाळवा. बुरशीचा हलका वास असेल तर एक वाटी पांढरं व्हिनेगर बादलीभर पाण्यात घालून भिजवलं तर उपयोग होतो, तो वासासाठी.

पांढऱ्या सदऱ्याच्या पिवळ्या कॉलरला आणि काखेला ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर कोमट पाण्यात घालून काही तास भिजवा. दुकानातलं क्लोरीनचं ब्लीच जुन्या कपड्याला लावू नका. लोकर आणि रेशीम त्यात विरघळतात, सुताचा दम जातो. ट्रंकेच्या गंजाचे तांबूस डाग पडले असतील तर त्यावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

दुरुस्ती

शिवण उसवली असेल तर त्याच दिवशी टीप मारून घ्या. उसवलेली शिवण घेऊन फिरलं की कापड फाटतं, आणि मग टिपेचं काम रफूवर जातं.

कॉलर घडीवर झिजून पांढरी झाली असेल तर कपडा टाकू नका. पूर्वी प्रत्येक टेलर कॉलर उलटवून द्यायचा. पट्टीपासून कॉलर उसवायची, तिची खालची न झिजलेली बाजू वर करायची आणि पुन्हा शिवायची. झिजलेली बाजू खाली लपते आणि शर्टला आणखी काही वर्षं मिळतात. आजही गल्लीतल्या जुन्या टेलरला सांगून बघा: “मामा, कॉलर उलटवून द्याल काय?” बहुधा उत्तर येतं, “देतो की, पण धुऊन आणा आधी.” टोकाला बटण असलेली कॉलर असेल तर काज वरखाली होतात, तेवढं आधी बघून घ्या.

रफू करायचं तर धागा बाहेरून आणू नका. खालच्या दुमडीतून किंवा आतल्या दाबातून त्याच कपड्याचे धागे काढून रफूगाराला द्या. तेवढ्याच वयाचा, तेवढाच विटलेला धागा दुसरीकडं मिळत नाही.

गुडघा किंवा कोपर विरलं असेल तर आतून ठिगळ लावा. ठिगळाचं कापडही जुनंच घ्या, पण धडधाकट. नवं कोरं कापड धुतल्यावर आटतं आणि भोवतीच्या जुन्या कापडाला ओढतं. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं कापा, कडा गोल करा, आतून टाचण्यांनी बसवा. मग वरून ताण्याच्या दिशेनं धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घाला. दोरा फार ताणू नका, नाहीतर कापड गोळा होतं. आपल्याकडं वाकळ म्हणजे गोधडी शिवतात तोच हा टाका. घरात वाकळ शिवणारी आजी असेल तर व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा तिच्यापाशी बसा. ती टाक्याची लांबी हातानंच धरते आणि ओळ सुईच्या टोकानं सरळ नेते, ते बघण्यासारखं आहे. दोरा कपड्याच्या रंगाचा घ्यायचा की उठून दिसणारा, हे तुमचं तुम्ही ठरवा. निळ्या डेनिमवर पांढरा दोरा मला आवडतो.

अंगावर घालताना

घरातली मोठी माणसं विरोध करतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. “आम्ही धडकं कापड मिळावं म्हणून राबलो आणि तू ठिगळाचं घालून हिंडतोस?” असं वडील म्हणतात तेव्हा त्यांना त्यांची परिस्थिती आठवत असते. ज्यानं नाइलाजानं ठिगळ घातलं त्याला ते हौसेनं घातलेलं बघवत नाही. यावर वाद घालून उपयोग नाही. कपडा धुतलेला, इस्त्री केलेला, मापात बसणारा असेल आणि दुरुस्ती सफाईनं केलेली असेल तर त्यांचा सूर आपोआप उतरतो. मळकट आणि लोंबणारा असेल तर त्यांचंच खरं. लग्नाला, कार्याला, कुणाच्या समाचाराला जाताना हा कपडा घरी ठेवा.

जुळवणीचा माझा नियम साधा आहे: एका वेळी एकच गोष्ट जुनी. विटलेली जीन्स असेल तर वर कोरा पांढरा शर्ट. कोपर झिजलेलं डेनिम जॅकेट असेल तर खाली गडद, साधी पँट. आजोबांचा चौकड्याचा शर्ट उघडा सोडून आत पांढरा टी-शर्ट घाला, बाह्या दोन घड्या वर. डोक्यापासून पायापर्यंत जुनंच घातलं की वेषांतर केल्यासारखं दिसतं.

अपवाद पायांचा. जुन्या जीन्सखाली वापरून काळपट झालेली कोल्हापुरी चप्पल शोभते तसा दुसरा जोड नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं. ते घामानं, तेलानं, उन्हानं रंग धरतं आणि हळूहळू पायाचा आकार घेतं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळालं. चप्पल मात्र दुसऱ्याची वापरलेली घेऊ नका, ती दुसऱ्याच्या पायाची झालेली असते. नवी घ्या आणि स्वतःच्या पायावर जुनी करा. सुरुवातीला आतून अंगठ्याला आणि पट्ट्याला थोडं तेल लावून रोज थोडा थोडा वेळ घरात घाला, म्हणजे चावत नाही.

पावसाळ्यात जपणूक

इथल्या पावसाळ्यात कपड्याचा शत्रू ओल. मृगाआधी सगळे जुने कपडे उन्हात घाला, पूर्ण वाळले की सावलीत गार होऊ द्या आणि मग घडी करा. गरम कपडा घडी घालून ठेवला तर आत वाफ धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत काही ठेवू नका. जुन्या धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या कापडात गुंडाळा. लोकरीत कसर पडते आणि खळ दिलेल्या सुती कपड्यावर चंदेरी सरपटणारे किडे येतात, म्हणून साठवणीच्या कपड्याला खळ देऊ नका. कप्प्यात वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबरगोळी ठेवणार असाल तर ती कापडाला लागू देऊ नका. जॅकेट तारेच्या हँगरवर टांगू नका, खांद्याला पोक येतो. लोखंडी ट्रंकेत आधी कागद आणि त्यावर कापड अंथरा, म्हणजे गंज लागणार नाही. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी सगळं एकदा बाहेर काढा, आणि परत ठेवताना घड्या वेगळ्या जागी मोडा.